पयले पाय उचल

आमच्या खापा गावात लहानपणी सकाळ कानाने कळायची. कन्हान नदीवर गेलेल्या बायका परतल्या की गल्लीत कुठेतरी पहिला माग सुरू व्हायचा, मग त्याच्या शेजारचा, मग समोरचा. खट्-खटाक, खट्-खटाक. सगळ्या घरांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा, तरी आजीला चूल फुंकता फुंकता कळायचं की कुणाच्या मागाला काय झालं. "कांडी सरली वाटते त्याची," ती म्हणायची, आणि खरोखरच दोन ठोक्यांनी तो माग थांबायचा. कांडीवरचं सूत संपत आलं की धोटा हलका होतो आणि त्याचा आवाज पोकळ येतो, हे मला फार उशिरा समजलं. आजीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात त्याच घरात, मागाच्याच खोलीत, मी पुन्हा असा कान लावून बसलो होतो. आवाज होता, पण अगदी बारीक. टक्... टक्... टक्. टेबलावर तळहाताएवढी काळी डबी, तिच्यात खुपसलेली तार आणि समोर लॅपटॉप. त्याला डबी दिसतच नव्हती. बाहेर पारा ४५ च्या पुढे, कूलर घरघरतोय. त्याच कूलरच्या स्टँडवर मी हार्ड डिस्क ठेवली होती, चालू असताना. थरथरत थरथरत ती कडेला आली आणि खाली पडली.

त्या डबीत आमच्या घराची तीन पिढ्यांची वर्षं होती.

पूर्वी ही वर्षं आजीच्या लोखंडी पेटीत असायची. घराची इसारपावती, बाबांची सातवीची टीसी, सूत उचलल्याची गांधीबागेतल्या व्यापाऱ्याची चिठ्ठी, आईची करवतकाठी आणि सगळ्यात खाली कापडात गुंडाळलेले फोटो. पेटीलाही रोग व्हायचे. कवेलू सरकलं की पाणी गळायचं, वाळवी लागायची, झुरळं कागदाची कड कुरतडायची. पण हे सगळे रोग सावकाश यायचे. वाळवी आधी भिंतीवर मातीची रेघ ओढून आपण येत असल्याचं सांगायची. फोटो पिवळा पडायला वीस वर्षं घ्यायचा. दरवर्षी पावसाळा सरला की आजी अंगणात खाट टाकून सगळं उन्हात मांडायची, नवा कडुनिंबाचा पाला घालायची, डांबरगोळ्या बदलायची. एखादी कड खराब झालेली असायची, पण मधलं माणूस शाबूत असायचं.

हार्ड डिस्कला असा पिवळेपणा येत नाही. काल संध्याकाळपर्यंत लख्ख, आज सकाळी काहीच नाही.

आमचं गाव तसं जुनं. १८६७ साली इथे नगरपालिका झाली, तीही सूत आणि कापडाच्या जोरावर चालणाऱ्या गावात. पुढे आसपासच्या मँगनीजच्या खाणींनी काही घरांना दुसरी भाकर दिली. गुमगावची खाण आजही चालू आहे. पण आमच्या गल्लीचा जीव मागातच होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पावड्या दाबायच्या, दोरी ओढून धोटा फेकायचा. मी बारा वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा खड्ड्यात बसवलं. दहा-बारा ठोके नीट पडले आणि ताण्यातला एक धागा तुटला. मला तो दिसला. हात लगेच थांबवायचा सोडून मी घाबरून पावडी दाबत राहिलो, जणू पुढे गेलो की तो आपोआप जुळेल. तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत अडकलं आणि हातभर पट्टा विस्कटला.

बाबा ओरडले नाहीत. खाली वाकून त्यांनी एकेक धागा सांधायला घेतला आणि म्हणाले, "धागा एकच तुटला होता. बाकीचे तू तोडले. काही बिघडलं का पयले पाय उचल, मंग पाह्य."

हे वाक्य माझ्या कामी यायला पुढची पस्तीस वर्षं गेली.

आमच्या घरातले फोटो पेटीतून डबीत कसे गेले, तो प्रवास बहुतेक घरांचा सारखाच असेल. आधी सावनेरचा फोटोवाला लग्नात यायचा, मोजून छत्तीस फोटो काढायचा. त्यातले निवडक धुऊन यायचे आणि प्रत्येकाच्या तीन-चार प्रती निघायच्या, कारण उमरेडच्या मामाला एक हवी, पवनीच्या आत्याला एक हवी, भंडाऱ्याच्या ताईच्या सासरी दाखवायला एक हवी. मग व्हिडिओ कॅसेट आली. माझ्या लग्नाची तीन तासांची कॅसेट दोन पावसाळ्यांत बुरशी लागून पांढरी पडली. तिची सीडी करून घेतली, सातशे एमबीची. सीडीवर ओरखडे पडले, मग डीव्हीडी. डीव्हीडीचा ड्राइव्ह लॅपटॉपमधून गायब झाला, तेव्हा २०१३ साली नागपूरला बर्डीवरून ही १ टीबीची हार्ड डिस्क आणली. सगळं तिच्यात ओतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हे शेवटचं.

घरी जोडून पाहिलं तर लॅपटॉप जागा दाखवतो ९३१ जीबी. मला वाटलं दुकानदाराने मापात मारलं. बाबा हसले. सुताच्या लडीचं वजन कोरडं आणि ओलं वेगळं भरतं, त्यावरून व्यापाऱ्याशी भांडण्यात त्यांची हयात गेली होती. इथे मात्र चोरी नव्हती. डबी बनवणारा हजाराच्या हिशोबाने मोजतो, संगणक १०२४ च्या. माल तेवढाच, फक्त मापं दोन.

१९५६ साली आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या वर आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटो तिच्यात जेमतेम मावला असता. आमच्या मागाच्या खोलीच्या दारातून ती आत आलीच नसती. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी डबी हातात घेऊन वजन तोललं आणि विचारलं, "आत फिरते का काही?"

फिरतं. या छोट्या डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावर वाचणारं टोक तरंगत असतं, तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर वर. कापसाचा एक तंतू जाडीला पंधरा-वीस हजार नॅनोमीटर भरतो. म्हणजे आमच्या खोलीत उडणाऱ्या तुसाचा एक कण त्या फटीपुढे डोंगराएवढा. "मंग हे मागाच्या खोलीत नको ठेवू," बाबा म्हणाले. तेव्हा माग बंद होऊन वर्ष झालं होतं, पण त्यांच्या लेखी ती मागाचीच खोली होती.

पहिला आजार २०१४ ला आला. डिस्क जोडली, दिवा लागला, पण लॅपटॉपला पत्ता नाही. पूर्वी घरातलं काहीही बंद पडलं की उपाय ठरलेला असायचा: थापट. रेडिओ थापटला की बोलायचा, टीव्हीच्या डोक्यावर बुक्की बसली की चित्र स्थिर व्हायचं, कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत गुंडाळली की गाणं सुरू. माझा हात सवयीने वर गेलाच होता. बाबांनी तो धरला. "पयले बाहेरचं पाह्य. माग अडला का कोणी फणी नाही सोडत. कांडी पाह्यतात, धोटा पाह्यतात, दोरी पाह्यतात."

बाहेरून आत. पुढे दहा वर्षं मी हाच क्रम पाळला आणि गावातल्या अर्ध्या डझन डिस्क त्यावर चालू करून दिल्या. आधी तार बदलून पाहायची, कारण रुंद टोकाची ती तार सैल होते आणि दोष डबीच्या माथी येतो. मग दुसरं भोक. मध्ये हब किंवा लांबवलेली वायर असेल तर काढून टाकायची आणि थेट जोडायची. छोट्या डिस्कला वेगळी वीज नसते, ती सगळी तारेतूनच घेते. जुन्या यूएसबी भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, निळ्या भोकातून ९००. वीज अपुरी पडली की दिवा लागतो, डबी किणकिणते आणि परत निजते. मोठ्या डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर असतो. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात वीज जाऊन एकदम परतायची, तेव्हा कित्येक घरच्या मोठ्या डिस्क ठणठणीत होत्या, गेला होता फक्त ॲडॅप्टर. हे सगळं करूनही काही नाही, तर डबी दुसऱ्याच्या संगणकाला लावून पाहायची. शेजाऱ्याच्या मागावर धोटा फेकून पाहावा तसं.

माझ्या डिस्कचा दोष तारेत होता. दीडशे रुपयांत सुटलो.

दुसऱ्या वेळी लॅपटॉपमधून टुण् असा आवाज आला, म्हणजे डिस्क भेटली, पण यादीत नाव नाही. मुलाने 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं तर ती तिथे होती, फक्त तिला मिळणारं इंग्रजी अक्षर आधीच एका पेनड्राइव्हने घेतलं होतं. दुसरं अक्षर दिलं, दार उघडलं. शाळेत एकाच नावाची दोन पोरं असली की गुरुजी जसं दुसऱ्याला धाकट्या म्हणायचे, तसंच हे.

तिसऱ्या वेळी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना. जागा भरपूर, तरी नकार. पेनड्राइव्हची मांडणी जुनी, फॅट३२ ची होती, आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅट मांडणी केली आणि काम झालं. पण मांडणी बदलली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी ते दुसरीकडे हलवावं लागलं. ताणा बदलायचा तर आधीचं कापड काढून घ्यावं लागतं.

खरी भीती चौथ्या वेळी वाटली. घाईत 'इजेक्ट' न करता तार उपटली होती. दुसऱ्या दिवशी पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करा. खाली दोन बटणं. संगणक इतक्या अदबीने विचारतो की हो म्हणावंसं वाटतं. गावातल्या एका फोटोवाल्याने हो म्हटलं होतं आणि वर त्याच डिस्कवर नव्या लग्नाचे फोटो भरले होते. जुनं लग्न गेलं ते गेलंच. पुसलेलं बऱ्याचदा आत तसंच पडलेलं असतं, फक्त त्याचा पत्ता हरवतो. ते खरं पुसलं जातं त्यावर नवं लिहिलं की. मी नाही म्हटलं. चेकडिस्कही लगेच चालवलं नाही, कारण ते मांडणी दुरुस्त करताना मोडक्या फाइली कापून टाकू शकतं. मुलाच्या मित्राने आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मग त्या प्रतीवरून फाइली वर काढल्या. सगळ्या मिळाल्या. बाबा तेव्हा नव्हते. ते २०१६ ला गेले.

म्हणजे मला सगळं येत होतं. लोक मला विचारायला यायचे. तरी गेल्या मे महिन्यात डिस्क पडली तेव्हा मी काय केलं? उचलली, पुसली, जोडली. टक् टक् आवाज आला. तार काढली, पुन्हा जोडली. दुसऱ्या भोकात लावली. मुलाला फोन केला आणि तो बोलेपर्यंत आणखी दोनदा जोडली. बारा वर्षांचा मुलगा खड्ड्यात बसून पावडी दाबत होता.

"पप्पा, आधी तार काढा," मुलगा पुण्याहून म्हणाला. "टक् टक् म्हणजे आतलं टोक जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. जितका वेळ चालवाल तितकं ते तबकडी खरवडेल." मी तार काढली. कुणीतरी सुचवलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, चालते. जुनी आवई. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि जे उरलेलं असतं तेही जातं. दुसऱ्याने स्क्रूड्रायव्हर आणला. गावात स्टोव्ह, सायकल, शिलाई मशीन, सगळं उघडून नीट होत आलं. उघडून पाहण्यात आमचं शहाणपण होतं. ही वस्तू मात्र उघडली की मेली.

डिस्क बर्डीवर नेली, तिथून ती बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेली. धूळ गाळलेल्या खोलीत तसल्याच दुसऱ्या डिस्कची टोकं काढून हिला बसवतात आणि जमेल तेवढं वाचून घेतात. खर्च पाच आकडी सांगितला. पूर्वी एवढ्यात आमच्या घरी ताण्याचं वर्षभराचं सूत आलं असतं. महिन्याने फोन आला. फोटो जवळजवळ सगळे मिळाले. काही व्हिडिओ गेले, कारण तबकडीवर एका पट्ट्यात ओरखडे होते. फोनवरच्या पोराने सहज विचारलं, "पडल्यावर खूप वेळ चालवली होती का, काका?"

पडून एकच धागा तुटला होता.

गेलेल्यांत एक व्हिडिओ २०११ चा होता. बाबा मागावर बसलेले, साडेतीनशे एमबीचा. त्यांचा माग चालताना मी एकदाच टिपला होता. पुढच्या वर्षी माग सुटा करून माळ्यावर गेला. बाकी सगळं परत आलं आणि तेवढंच आलं नाही, म्हणून बाकी काही आल्यासारखं वाटेना.

ताईला हे सांगितलं तेव्हा भंडाऱ्याहून भाचीचा फोन आला. "मामा, तुम्हीच तर मला पाठवला होता. आजोबांच्या पंचाहत्तरीला." तिच्या जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डात तो होता. तेव्हा व्हॉट्सॲपवर १६ एमबीच्या वर काही जायचं नाही, म्हणून आवळून आवळून पाठवलेला. बोटं दिसत नाहीत, काठ कोणत्या रंगाचा कळत नाही. पण जाडंभरडं का होईना, अख्खं कापड होतं.

तेव्हा लक्षात आलं की आजीची पेटी मजबूत म्हणून आमचे फोटो टिकले नव्हते. मामाला एक, आत्याला एक, ताईला एक, अशा प्रती गेल्या होत्या म्हणून टिकले. पेटीला वाळवी लागली असती तरी पवनीची पेटी होतीच. तज्ज्ञ आता तीन-दोन-एकचा नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमच्या घरच्या बायका हे फोटोवाल्याशी घासाघीस करत पाळत आल्या होत्या. डबी आली आणि आम्ही सगळं एकाच ठिकाणी ओतून निर्धास्त झालो. आता दोन डिस्क आहेत. एक इथे, एक ताईकडे भंडाऱ्याला, तिच्या पेटीत साडीच्या घडीत. निवडक फोटो क्लाउडवर. पावसाळा सरला की, आजी खाट टाकायची त्या दिवसांत, दोन्ही जोडतो, दोन-चार फाइली उघडून पाहतो, नवं भरतो आणि अदलाबदल करतो. टेबल कूलरपासून लांब सरकवलं आहे.

व्हिडिओ आला त्या संध्याकाळी मी तो मागाच्या खोलीत लावला. आई तिकडे स्वयंपाकघरात बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, मी काय पाहतोय हेही तिला ठाऊक नव्हतं. मोबाइलच्या बारक्या भोंग्यातून खट्-खटाक, खट्-खटाक सुरू झालं. मिनिटभर घरात दुसरा आवाज नव्हता. मग आतून आई म्हणाली, "यायची कांडी सरली वाटते."

दोन ठोके पडले आणि माग थांबला.